आईला किंवा बाबांना पहिल्या पाळीबद्दल कसं सांगायचं

इंदूरच्या मराठी घरांत पाळीचा विषय निघतच नाही असं नाही. आई, काकू, आत्या आपापसात बोलतात, पण "अडचण आहे", "ती बाजूला आहे" असं अर्धंमुर्धं. ऐकून ऐकून दहा-बारा वर्षांच्या मुलीला बरंचसं कळलेलं असतं, तरी स्वतःवर वेळ आली की सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. आमचं सांगणं थोडक्यात असं: वाक्य लहान ठेव आणि त्यात एक मागणी घाल. डाग आत्ताच दिसला असेल तर पहिला भाग वाच, आईला हाक मार, उरलेलं रात्री वाचलंस तरी चालेल.

आत्ता लगेच काय करायचं

पहिल्या वेळी रक्त लालभडक असेलच असं नाही. पुष्कळ मुलींना आधी तपकिरी, चॉकलेटी डाग दिसतो. रक्त थोडं असतं, हळूहळू बाहेर येतं आणि येईपर्यंत गडद होतं. त्यामुळे "हे नक्की तेच का?" या विचारात काही जणी दोन-दोन दिवस घालवतात. पांढरा टिश्यू किंवा स्वच्छ सुती कापड घेऊन पुढून मागे पुसून बघ आणि तासाभरानं पुन्हा पूस. पुन्हा रंग दिसला तर पाळी सुरू झाली असं धरून चाल. छाती वाढायला लागून दोन-अडीच वर्षं झाली असतील आणि गेले काही महिने निकरवर पांढरट स्रावही दिसत असेल, तर फार शंका घेण्यात अर्थ नाही.

पॅड हाताशी नसेल तर मोठा सुती रुमाल घे. लांबीच्या बाजूनं घड्या घालत चार बोटं रुंद पट्टी कर आणि निकरच्या मधल्या भागावर ठेव. वर टिश्यूच्या दोन घड्या ठेवल्या तर आणखी बरं. एवढ्यावर तास-दीड तास निघतो. नायलॉनची ओढणी घेऊ नकोस, ती काही शोषत नाही. नुसता कापूसही नको, त्याचे तंतू अंगाला चिकटून बसतात.

डागाची निकर गार पाण्यात टाक. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. दहा मिनिटांनी साबण लावून चोळ. नर्मदेचा नळ दिवसाआड येणाऱ्या घरात बादलीभर पाणी उडवायची गरज नाही, दोन तांबे पुरतात. गादीवर डाग पडला असेल तर पाणी ओतू नकोस, ते आत मुरतं. गार पाण्यात पिळलेलं कापड दाबून दाबून टिपून घे. निकर कपाटात कोंबून मात्र ठेवू नकोस. वाळलेला डाग निघायला कठीण जातो, आणि आईच्या हाती ती धुण्यात सापडली तर बोलण्याची सुरुवात ती करणार, तीही सकाळच्या घाईत.

रक्त खूप वाटलं तर घाबरू नकोस. सगळ्या दिवसांचं मिळून ते साधारण ३० ते ४० मिली असतं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. त्यात इतर स्रावही मिसळतो, म्हणून जास्त दिसतं.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. रक्त पडल्यामुळे, लागल्यामुळे किंवा कोणी तिथे हात लावल्यामुळे आलं असेल तर ती पाळी समजून गप्प बसू नकोस. जे झालं ते तसंच्या तसं विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग. घरात तसं कोणी नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो फुकट लागतो आणि रात्रीही लागतो.

काय म्हणायचं

बहुतेक मुली सुरुवात अशी करतात: "आई, तुला एक सांगायचंय… पण तू रागावू नकोस हं." हे ऐकताच आईच्या पोटात गोळा येतो. तिच्या डोक्यात पेपरात नापास, शाळेतून तक्रार, कोणी मुलगा, असलं सगळं येऊन जातं, आणि खरी बातमी कळेपर्यंत तिचा आवाज चढलेला असतो. तुला वाटतं ती पाळीमुळे चिडली. खरं म्हणजे ती प्रस्तावनेमुळे घाबरलेली असते. म्हणून प्रस्तावना नको. पहिल्या चार शब्दांत बातमी, लगेच मागणी:

"आई, मला पाळी आलीय. पॅड दे ना."

"आई, बहुतेक पिरिअड्स सुरू झालेत. पॅड कसं लावायचं ते दाखव."

"आई, निकरवर डाग आलाय. जरा बाथरूमपाशी ये."

मागणी का? नुसती बातमी ऐकून मोठ्या माणसांना काय करावं ते कळत नाही, मग ती एकतर रडवेली होतात किंवा उपदेश सुरू करतात. "पॅड दे" म्हटलं की त्यांना उठून करायला काहीतरी मिळतं. आई कपाट उघडते, पाकीट काढते, तेवढ्यात ती सावरते आणि तूही. घरात पॅड असतीलच, तरी माग. दुखत असेल तर "गरम पाण्याची पिशवी दे" हीसुद्धा चांगली मागणी आहे.

तिसरं एक वाक्य लागतं, ते आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं: हे आणखी कोणाला कळलेलं चालेल आणि कोणाला नाही. मराठी घरात अशी बातमी तासाभरात मावशीकडे पोहोचते, संध्याकाळपर्यंत पुण्याच्या आत्याचा "अगं, मोठी झालीस!" म्हणून फोन येतो. आई काही मुद्दाम चारचौघांत मांडत नाही. तिला आनंद झालेला असतो, आणि तुला नको आहे हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तेव्हा त्याच दमात म्हण: "आजीला सांग, पण दादाला नको. आणि मावशीला मी स्वतः सांगीन." काही घरांत ओटी भरणं, गोडधोड करणं असतं. ते हवं असेल तर हवं म्हण, नको असेल तर आजच नको म्हण, कारण उद्यापर्यंत बायकांना बोलावणं गेलेलं असेल.

शब्द घरात चालतो तोच वापर. पाळी, मासिक, पिरिअड्स, एमसी, काहीही चालेल. फक्त "मला बरं वाटत नाहीये" एवढंच म्हणू नकोस. त्यावर तुला ओवापाणी मिळेल आणि पॅड मिळणार नाही.

कधी आणि कुठे

रक्त आलेलंच असेल तर चांगली वेळ शोधत बसायचं नाही. त्याच दिवशी, झोपायच्या आधी सांगायचं, कारण रात्रीचं पॅड लागणारच आहे. बाथरूममध्ये असशील तर तिथूनच हाक मार. आई स्वयंपाकघरात आणि बैठकीत पाहुणे, अशा वेळी "आई, जरा आत ये ना, एक काम आहे" एवढं पुरतं. हे वाक्य घरात रोज दहादा म्हटलं जातं, कोणाचे कान टवकारत नाहीत.

अजून पाळी आलीच नसेल आणि आधीच बोलून ठेवायचं असेल (हे सर्वांत उत्तम), तर वेळ निवडायला वाव आहे. सकाळी डबा, रिक्षा आणि फोडणी यांच्या मध्ये नको. आई दमून नुकतीच ऑफिसातून आलीय तेव्हाही नको. हात गुंतलेले आणि नजर दुसरीकडे असेल अशी कामं बरी पडतात: गच्चीवर कपडे वाळत घालणं, घड्या घालणं, मटार सोलणं, आई तुझी वेणी घालत असताना. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलायची काही सक्ती नाही. अ‍ॅक्टिव्हावर मागे बसूनही बोलता येतं, पण राजवाड्याच्या गर्दीत नको, तिथे ओरडून सांगावं लागेल आणि शेजारच्या रिक्षातल्यांनाही कळेल.

आधीच्या बोलण्याला हमखास चालणारा प्रश्न म्हणजे "आई, तुला कितव्या वर्षी पाळी आली होती?" तिला तिचं सांगायला मिळतं, आणि तुला तुझा अंदाज येतो, कारण आई-मुलीच्या वयात बऱ्याचदा फार फरक नसतो. साधारणपणे पाळी नऊ ते पंधरा या वयात कधीही येते, बऱ्याच जणींना बारा-तेराव्या वर्षी. बोलणं निघालंच तर तिथेच मागून घे: "मला दप्तरात ठेवायला दोन पॅड दे."

तोंडानं जमतच नसेल तर

चिठ्ठी लिही. चिठ्ठीत लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि वाचताना आईलाही दोन मिनिटं मिळतात. मजकूर असा: "आई, मला आज दुपारी पाळी आली. मी आत्ता रुमाल ठेवलाय. पॅड हवेत. रात्री तू माझ्या खोलीत आलीस की बोलू. बाबांना अजून सांगू नकोस." उशीखाली ठेवू नकोस, तिथे ती उद्या सापडेल. तिच्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत, जिथे तिचा हात तासाभरात जाणारच आहे तिथे ठेव.

मोबाइलवर पाठवायचं तर दोन फजित्या होतात. एक, घाईत मेसेज आईऐवजी सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. पाठवण्याआधी वरचं नाव वाच. दुसरी, आईचा फोन ओट्यावर पडलेला असतो आणि बंद पडद्यावर पहिल्या दोन ओळी कोणालाही दिसतात. म्हणून आधी "आई, मोकळी झालीस की मेसेज वाच, कामाचं आहे" असा एक मेसेज, आणि तिचं उत्तर आल्यावर खरा मजकूर.

बाबांना सांगायचं असेल तर

आई नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असते, माहेरी गेलेली असते, किंवा घरात तू आणि बाबाच असता. बाबांना सांगणं जास्त अवघड असतं असं मुली धरून चालतात. आमच्या मते ते बऱ्याचदा सोपं जातं, कारण बाबा प्रश्न कमी विचारतात. त्यांना फक्त नेमकं सांगावं लागतं. "सामान आणायचंय" म्हटलंस तर ते मेडिकलवर जाऊन काउंटरपाशी बावरून उभे राहतील, आणि दुकानदार समोर पाच रंगांची पाच पाकिटं ठेवील. म्हणून पूर्ण सांग: "बाबा, मला पाळी सुरू झालीय. मेडिकलवरून सॅनिटरी पॅड आणायचेत. विंग्जवाले, एक पाकीट रेग्युलर आणि एक एक्सएल." (विंग्ज म्हणजे पॅडच्या दोन्ही कडांचे चिकट पंख.) घरात बाबांना तुम्ही म्हणत असशील तर "बाबा, तुम्ही येताना आणाल का?" असं. लिहूनच दिलंस तर उत्तम, ते लिहिलेलं दुकानदारापुढे धरतील आणि काम होईल.

"आईला विचार" असं म्हणाले तर त्यात झटकून टाकणं नसतं, त्यांना खरंच काही सुचत नसतं. त्यावर "आईशी रात्री फोनवर बोलते, पण पॅड आत्ता हवेत" एवढं म्हण. वापरायचं कसं ते बाबांनी दाखवायची गरज नाही. पाकिटावर चित्रं असतात आणि खाली आम्हीही लिहिलंय. बाबा आत्याला किंवा शेजारच्या काकूंना बोलावतो म्हणाले, तर कोणाला बोलावलेलं चालेल ते तू ठरव आणि तसं सांग.

घरात दोघांशीही बोलणं शक्य नसेल तर मावशी, काकू, मोठी चुलतबहीण, वर्गाच्या मॅडम, वस्तीतली आशा ताई किंवा अंगणवाडीतल्या ताई, यांच्यापैकी कोणीही चालेल. त्यांनाच "तुम्ही आईला सांगाल का?" असंही विचारता येतं.

समोरून काय उत्तर येऊ शकतं

आई काही न बोलता कपाटातून पाकीट काढून हातात देते. याला थंडपणा समजू नकोस. तिच्या आईनं तिला एवढंही केलं नसेल. थोड्या वेळानं एक प्रश्न विचार, "दर किती तासांनी बदलू?", म्हणजे तिचं तोंड उघडेल.

आई म्हणते "इतक्यात?" हा प्रश्न रागाचा नसतो, ती मनात तुझं वय मोजत असते. मोजू दे. मात्र नऊ वर्षं पूर्ण होण्याआधी पाळी आली असेल तर तिनं तुला डॉक्टरांकडे न्यायला हवं, ही काळजी रास्त आहे.

आई रडते. दोन मिनिटं जाऊ दे आणि मागणी पुन्हा सांग.

आई लगेच "आता मुलांशी जपून, आता उड्या मारायच्या नाहीत" सुरू करते. वाद घालायला आजचा दिवस चांगला नाही, पोट दुखत असतं. "बरं, ते आपण रविवारी बोलू. आत्ता मला पॅडचं सांग." खेळणं, पळणं, सायकल, नाच, सगळं पाळीत करता येतं हे तिला रविवारी सांगायचं. पोहायला मात्र पॅड लावून जाता येत नाही, ते पाणी शोषून फुगतं.

सोवळं, देवघर आणि महालक्ष्म्या

आजी घरात असेल तर हा प्रश्न त्याच संध्याकाळी येतो. देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, चार दिवस वेगळी चटई. वैद्यकीयदृष्ट्या यातल्या कशालाही आधार नाही. लोणचं बिघडतं ते ओल्या चमच्यानं आणि तेल कमी पडल्यानं. पण आजीच्या पन्नास वर्षांच्या सवयीशी पहिल्याच दिवशी झगडून तुझ्या हाती काही लागणार नाही, आणि आई मधल्यामध्ये भरडली जाईल.

आम्ही सुचवतो ती वाटणी अशी. अंघोळ, डोक्यावरून पाणी घेणं, नेहमीचं जेवण, आपला पलंग, शाळा आणि पाणी प्यायचा माठ, यात बदल होऊ द्यायचा नाही. हे आईला आधीच स्पष्ट सांग: "आई, मी वेगळी झोपणार नाही, आणि अंघोळ रोज करणार." विशेषतः अंघोळ. "पाळीत डोकं धुवायचं नाही" हे अजून ऐकू येतं, आणि ते पाळल्यानं अंगाला वास आणि खाज एवढंच मिळतं. देवघराचं, आरतीचं काय करायचं ते आई-आजीशी सवडीनं बोलून ठरवता येईल. प्रत्येक घर ते वेगळं ठरवतं, आणि कित्येक घरांनी ते कधीच सोडून दिलंय.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा अडचण खरी होते. घरभर पाहुणे, सोळा भाज्या, आणि पाळी नेमकी तेव्हा. मोठ्या बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात हे तू ऐकलं असशील. कोणी कौतुकानं दिली तरी तू घेऊ नकोस. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणीच घ्यायच्या नसतात, आणि पहिली दोन-तीन वर्षं तुझी तारीखच पक्की नसते, तेव्हा ढकलायचं तरी काय? आईला आदल्या आठवड्यात एवढंच विचारून ठेव: "माझी आली तर पाहुण्यांसमोर तू काय सांगशील?" उत्तर आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी दिवाणखान्यात कुजबुज होत नाही.

पॅडचं तंत्र

पाकीट उघडलं की पॅडच्या पाठीमागचा कागद काढायचा. चिकट बाजू निकरच्या कापडाला. उलटं लावण्याची चूक पहिल्यांदा होते, आणि काढताना डोळ्यांत पाणी येतं. निकर गुडघ्यापर्यंत खाली घेऊन बसलेलं असताना पॅड मधल्या दुपदरी पट्टीवर ठेव. एक टोक रुंद असेल तर ते मागे. विंग्जचे कागद काढून त्या कडेवरून निकरच्या खालच्या बाजूला दुमड आणि बोटानं दाबून बसव. निकर सैल असेल तर पॅड सरकतं आणि कडेनं डाग पडतो, म्हणून या दिवसांत अंगाला नीट बसणारी सुती निकर घाल. रेग्युलर पॅड साधारण २४० मिलिमीटर लांब असतं, एक्सएल २८० च्या आसपास. रात्री आडवं झोपल्यावर रक्त मागे वाहतं, तेव्हा लांब पॅड आणि ते थोडं मागे सरकवून.

पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलेलं नसलं तरी. जास्त वेळ ठेवलं तर वास येतो, मांड्या घासून लाल होतात. पहिल्या पाळीला १५ ते २० पॅड पुरतात. सुगंधी पॅड टाळ, त्यानं खाज येते. तिथे साबणही आतून लावायचा नाही, नुसतं पाणी पुरे. जनऔषधी केंद्रांवर (सरकारी योजनेतली स्वस्त औषधांची दुकानं) 'सुविधा' पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतं. पैशांची ओढाताण असेल तर आईला हे नक्की सांग. तू सरकारी शाळेत असशील तर हेही विचार: मध्य प्रदेश सरकारनं २०२४ मध्ये सातवी ते बारावीच्या मुलींच्या खात्यात पॅडसाठी पैसे जमा केले होते, आपल्या खात्यात आले का?

वापरलेलं पॅड गुंडाळून कागदात बांध. मेडिकलवाला पाकीट ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, तेच इथे कामी येतं. संडासात टाकलंस तर ते फुगून पाइप तुंबतो, मग प्लंबर येतो आणि सगळ्या बिल्डिंगला कारण कळतं. इंदुरात तर लपवाछपवी तशीही टिकत नाही. इथे कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो, पॅड-डायपरचा त्यात वेगळा प्रकार आहे, आणि ओल्या-सुक्यात मिसळलेलं पॅड कचरागाडीवर लगेच लक्षात येतं. घरात रोज सकाळी गाडीला कचरा कोण देतं? आई, बाबा, की कामाच्या मावशी? ज्याच्या हातून तो जातो त्याला पॅडची पुडी कुठे ठेवलीय हे माहीत असावं लागतं. आईला सांगण्याचं हेही एक अगदी व्यवहारी कारण.

शाळेत आली तर

मॅडमना हळूच सांगायचं. शाळेतलं बोलणं हिंदीतच होतं, तेव्हा वाक्यही हिंदीत तयार ठेव: "मैम, मेरे पीरियड्स शुरू हो गए हैं, एक पैड चाहिए।" मॅडमऐवजी सर असतील तर "सर, ऑफिस में मैम से मिलना है, ज़रूरी है" पुरे, कारण सांगायची गरज नाही. स्कर्टवर डाग असेल तर स्वेटर किंवा जॅकेट कमरेला बांध. घरी फोन करायचाच असेल तर कर, पण दुखत नसेल तर पॅड लावून वर्गात बसता येतं. दप्तरात एका छोट्या चेनच्या पाऊचमध्ये दोन पॅड, एक निकर आणि जुन्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे ठेव. पाऊच दर महिन्याला तपास, कारण मैत्रिणीला दिलेलं पॅड परत येत नाही.

पुढचे महिने

पहिली पाळी झाली की आई दुसऱ्या महिन्याची वाट बघते, आणि ती येत नाही. मग तिला काळजी लागते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते, मध्ये एखादा महिना चुकूही शकतो. तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिही: पाळी सुरू झाली तो दिवस, किती दिवस चालली, दिवसाला किती पॅड लागले. दिवस मोजायचे ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. प्रत्येक वेळी आईला "आली" एवढं सांगितलं तरी पुरे, म्हणजे पॅड संपायच्या आत आणले जातात.

पोट दुखलं तर ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. गोळी हवी असेल तर आईला विचारून, काहीतरी खाल्ल्यावर. घरात मोठ्यांसाठी आणलेली दुखण्याची गोळी आपल्या मनानं घेऊ नकोस. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी देत असतील तर ती मात्र टाळू नकोस, जेवणानंतर घे आणि लगेच वर चहा पिऊ नकोस, चहानं लोह अंगी लागत नाही.

डॉक्टरांकडे जायचं आहे असं आईला केव्हा सांगायचं? एक पॅड तासाभरात पूर्ण भिजतं आणि असं दोन-तीन तास सलग होतं. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी वारंवार पडतात. चक्कर येऊन पडायला होतं. दर पाळीला दुखण्यापायी शाळा बुडते. तीन महिने उलटून गेले तरी पाळी नाही. किंवा पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पहिली पाळीच आलेली नाही. यातलं पहिलं, तासाभरात पॅड भिजण्याचं लक्षण असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. "आई, खूप जातंय" असं मोघम म्हटलं की "पहिल्यांदा होतं तसं" असं उत्तर येतं. "आई, दुपारपासून तीन पॅड पूर्ण भिजले" म्हटलं की ती उठते.

सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयाच्या मुलामुलींना सल्ला मोफत मिळतो. खाजगी डॉक्टर बाई हव्या असतील तर तसं आईला आधी सांग. जाताना वही बरोबर ने. डॉक्टर पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा आई अंदाजानं देते. तिला थांबवून "मी सांगते" म्हण आणि शेवटचं पान उघड.